हजेरीपटावरचा ‘अकुशल’ कारागीर

काही वर्षांपूर्वी, सेवेत असताना, एका राज्यातील जुन्या स्मारकाच्या दुरुस्तीची पाहणी करणाऱ्या तीन जणांच्या समितीत मी होतो. दुरुस्तीला जेमतेम दोन पावसाळे झाले होते आणि गिलाव्याचे पोपडे सुटून खाली पडत होते. त्याहून वाईट म्हणजे, तीनशे वर्षे टिकलेली मागची भिंत हाताने खरवडली तरी भुगा होऊन गळत होती. बिलात ‘चुन्याचा गिलावा’ अशी नोंद होती. भिंतीवर मात्र सिमेंट होते आणि त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवलेला होता. कागदोपत्री सारे नियमानुसार झाले होते. निविदा निघाली होती, सर्वांत कमी बोली स्वीकारली गेली होती, मोजमाप पुस्तिकेत प्रत्येक चौरस मीटर नोंदलेला होता.

हे आपल्याकडे इतके सर्रास घडते की त्यावर लेख लिहायचे कारण नव्हते. माझ्या लक्षात राहिला तो हजेरीपट. त्यात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन रकाने होते. त्यातल्या तिसऱ्या रकान्यात साठी ओलांडलेल्या एका गवंड्याचे नाव होते. संपूर्ण कामावर चुना जाणणारा तो एकटा होता आणि हा माल भिंतीला मारू नका, असे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. त्याला अकुशल का धरले, या प्रश्नावर कनिष्ठ अभियंत्याने सरळ उत्तर दिले, त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. म्हातारा हसला. ‘‘साहेब, माझ्या बापानं मला चार वर्षं घाणीवरच ठेवलं, थापीला हात लावू दिला नाही. त्या चार वर्षांचा कागद कोण देणार?’’ त्याच्याबरोबर विशीतला पुतण्या होता. तोही अर्थात तिसऱ्याच रकान्यात.

वारसा-जतनाच्या चर्चेत ‘पारंपरिक कारागीर नामशेष होत आहेत, तरुणांना प्रशिक्षण द्या’ हे वाक्य हमखास येते. ते खोटे नाही. पण आपण प्रशिक्षण म्हणजे वर्ग, अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र असे समजतो, आणि शिकून बाहेर पडलेला तरुण ज्या कामावर जाणार त्या कामाचे नियम मात्र त्याच्या विद्येला किंमत द्यायला तयार नसतात. हा दोष शिक्षणखात्याचा कमी आणि बांधकाम व वित्त खात्यांच्या कार्यपद्धतीचा अधिक आहे, असे माझे मत आहे.

आधी चुन्याविषयी थोडे सांगायला हवे. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंश तापमानाला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा आणि पाण्याखाली मुरू द्यायचा. आठवडे, जमल्यास महिने. मग वाळू, विटांची सुरखी आणि प्रांतोप्रांतीचे पदार्थ मिसळून घाणीत मळायचा. कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर, कुठे उडीद. तमिळ भागात गुळाबरोबर हिरड्याचे पाणी. भिंतीवर चढल्यावरही तो हवेतला कर्बवायू शोषत सावकाश दगडासारखा होत जातो, आणि त्या काळात त्याला ओल द्यावी लागते. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, असे गवंडी म्हणतात. भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर पडू देतो. सिमेंट ही वाट बंद करते. कोंडलेली ओल दगडाच्या किंवा विटेच्या पोटात राहते, सिमेंटमधले क्षार तिच्याबरोबर आत झिरपतात, पृष्ठाजवळ त्यांचे स्फटिक बनतात आणि दगड आतून फुटू लागतो. आम्ही पाहिलेली भिंत अशीच मेली होती. तिला वयाने नव्हे, दुरुस्तीने मारले होते.

हे सारे पुस्तकात लिहिलेले आहे. जे लिहिता येत नाही ते हाताला कळते. थापीवरून माल कसा सुटतो, किती सुकल्यावर घोटायला घ्यावा, ढगाळ दिवशी किती थांबावे, हे ज्याने शंभर भिंती केल्या त्याच्या शेजारी उभे राहूनच समजते.

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावर हे मोठ्या प्रमाणावर घडले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, दिल्ली महापालिका आणि आगा खान न्यास यांच्यात 2007 साली करार झाला. पुढच्या सहा वर्षांत मकबऱ्याच्या छतावरून विसाव्या शतकात ओतलेले सुमारे दहा लाख किलो काँक्रीट उतरवले गेले आणि चुन्याचे थर पुन्हा बसवले गेले. या कामात कारागिरांचे सुमारे दोन लाख मनुष्यदिवस खर्ची पडले. दगडाचे आणि चुन्याचे कारागीर देशात मिळाले, पण घुमट्यांवरच्या रंगीत झिलईच्या फरशा घडवणारे हात इथे उरले नव्हते. त्यासाठी उझबेकिस्तानातून उस्ताद आणावे लागले आणि त्यांनी शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतल्या तरुणांना ती कला शिकवली. मुघलांबरोबर मध्य आशियातून आलेली विद्या सुमारे साडेचारशे वर्षांनी पुन्हा त्याच वाटेने मागवावी लागली, यात विद्वानांना रम्य योगायोग दिसेल. मला धोक्याची सूचना दिसते. आज चुन्यासाठी उस्ताद देशात मिळतो. वीस वर्षांनी कुठून आणणार?

त्या प्रकल्पाचे यश कारागिरांच्या गुणवत्तेइतकेच कामाच्या मांडणीतही होते. काम वर्षानुवर्षे सलग चालले. नमुना चुकला तर तो काढून पुन्हा करण्याची मुभा होती. फरशांचा मूळ पोत साधेपर्यंत प्रयोग चालू राहिले आणि त्यांचा खर्च ‘वाया गेलेला माल’ म्हणून कुणाच्या पगारातून कापला गेला नाही. सामान्य सरकारी निविदेत हे होऊ शकत नाही. तिथे काम पावसाळ्यापूर्वी सुरू होते आणि मार्चअखेर संपावे लागते. चुना मुरायला ठेवण्याच्या महिन्यांसाठी दरसूचीत ओळ नसते.

आता योजनांकडे पाहू. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा भर अल्पमुदतीच्या, काहीशे तासांच्या अभ्यासक्रमांवर राहिला. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेने एक गोष्ट निर्विवाद चांगली केली. अठरा व्यवसायांच्या यादीत तिने राजमिस्त्री, सुतार आणि पाथरवट यांना नावानिशी स्थान दिले, ओळखपत्र व प्रमाणपत्र दिले, अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्जाची सोय केली. माझ्या त्या म्हाताऱ्या गवंड्याला हा कागद वेळेवर मिळाला असता तर कदाचित त्याचा रकाना बदलला असता. पण योजनेतले मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आहे आणि प्रगत प्रशिक्षण पंधरा दिवसांचे किंवा थोडे अधिक. रोजचे 500 रुपये विद्यावेतन धरूनही, पाच दिवसांत चुना विरवायची पहिली पायरी जेमतेम पाहून होईल. ज्याला विद्या आहे त्याची नोंद करण्याचे काम ही योजना करते. नवा कारागीर घडवणे हे निराळे काम आहे, आणि या दोन गोष्टी एकाच आकड्यात मोजल्या गेल्या की, मंत्रालयाच्या अहवालात प्रशिक्षितांची संख्या फुगते आणि भिंतीवर सिमेंटच चढत राहते.

नवे हात घडतात कसे, याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर कच्छमध्ये मातीचे गोल भुंगे पुष्कळ ठिकाणी उभे राहिले आणि शेजारची काँक्रीटची घरे कोसळली. त्या अनुभवातून भुजमध्ये उभ्या राहिलेल्या हुन्नरशाला संस्थेने पुढे ‘कारीगरशाला’ काढली. शाळा सुटलेली मुले तिथे भिंतीचे व सुतारीचे काम प्रत्यक्ष करत शिकतात. संस्थेकडे स्वतःची बांधकामे असतात, त्यामुळे शिकलेल्या हाताला काम शोधत फिरावे लागत नाही.

दुसरे उदाहरण मामल्लपुरमचे. तिथे 1957 साली सुरू झालेले शिल्प व स्थापत्याचे सरकारी प्रशिक्षण पुढे पदवी महाविद्यालयापर्यंत पोचले. ते टिकण्यामागे एक कारण अभ्यासक्रमाच्या बाहेरचे आहे. तमिळ प्रथेनुसार देवळाचा कुंभाभिषेक साधारण बारा वर्षांनी व्हावा लागतो आणि त्याआधी डागडुजी करावी लागते. राज्यात देवळे हजारोंनी आहेत, म्हणजे दर वर्षी शेकडो देवळांची पाळी येते. या डागडुजीचा दर्जा हा स्वतंत्र विषय आहे. घाईघाईच्या जीर्णोद्धारात जुनी शिल्पे खराब झाल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. परंतु स्थपतीच्या मुलाला पुढच्या वर्षी काम असेल की नाही, ही चिंता तिथे तुलनेने कमी आहे. जपानमध्ये इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, तेव्हाही हेच साधते. शिवाय जपानने 1975 साली कायद्यात दुरुस्ती करून वास्तूंइतकेच त्या जपण्याच्या तंत्रांनाही संरक्षण दिले. आपल्याकडे 1958 च्या कायद्याने केंद्राच्या साडेतीन हजारांहून अधिक स्मारकांना संरक्षण आहे. त्यांना उभे ठेवणाऱ्या विद्येला नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 2014 च्या जतन धोरणात पारंपरिक कारागिरांचे महत्त्व मान्य केलेले आहे, पण धोरणातली वाक्ये निविदेच्या अटींत उतरत नाहीत तोवर कंत्राटदारावर बंधन कसले?

बदल करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने ऑक्टोबर 2021 मध्ये काढलेल्या सूचनांनुसार, ज्या कामात गुणवत्ता निर्णायक आहे असे सक्षम अधिकारी जाहीर करील, तिथे केवळ किमतीवर निवड न करता गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत भारांक देता येतो. संरक्षित स्मारकाच्या दुरुस्तीइतके गुणवत्ता-निर्णायक काम दुसरे कोणते? त्या 30 गुणांपैकी काही गुण, कंत्राटदार कोणते उस्ताद आणणार आणि त्यांच्या हाताखाली किती तरुण किती महिने ठेवणार, यासाठी राखता येतील. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 पासून आहे. तो कारखान्याच्या दारापुरताच राहावा असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. पैशाचा प्रश्न निघेल. बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून कामगार कल्याण मंडळांकडे आलेली मोठी रक्कम वर्षानुवर्षे पडून राहिल्याबद्दल 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली होती. त्या निधीतून, कामावर असलेल्या शिकाऊ गवंड्याचे विद्यावेतन दोन-तीन वर्षे देणे हा कल्याणाचाच भाग ठरेल.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. ‘तरुणांनी परंपरागत व्यवसायात यावे’ असे म्हणताना आपण कोणत्या तरुणांविषयी बोलतो? पाथरवट, वडार, बेलदार, सिलावट ही नावे व्यवसायाची तशीच जातीचीही आहेत, आणि त्या घरातला मुलगा दगड सोडून संगणकाकडे वळतो तेव्हा त्याने काही गमावले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय दगडाची धूळ. राजस्थानातल्या सिरोही जिल्ह्यात पिंडवाड्याच्या परिसरात देशभरच्या देवळांसाठी दगड कोरला जातो, आणि तिथल्या कित्येक कारागिरांना ऐन उमेदीत सिलिकोसिसने गाठले आहे. राजस्थानने 2019 मध्ये अशा रोग्यांसाठी धोरण करून आर्थिक साहाय्य ठरवले, पण साहाय्य रोग जडल्यावर मिळते. पाण्याखाली कापणी, धूळ ओढणारी यंत्रे आणि नियमित छाती-तपासणी यांची तरतूद नसेल तर दगडाच्या कोणत्याही प्रशिक्षण योजनेला मी पाठिंबा देणार नाही. वर्ग सर्व जातींच्या मुलामुलींना खुले हवेत, हेही ओघाने आलेच. बांधकामावर पिढ्यान्‌पिढ्या घमेले वाहणाऱ्या बायकांच्या हाती थापी का आली नाही, याचे उत्तर परंपरेच्या गौरवात सापडत नाही.

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पर्यटक वाढतील, निधी येईल, निविदा निघतील. त्या निविदांमधील दरसूची कोण लिहिते, याकडे मराठी वाचकांनी लक्ष ठेवावे.

समितीचा अहवाल आम्ही दिला. कंत्राटदाराची अनामत जप्त झाली आणि काम पुन्हा काढायचे ठरले. ते निघाले तेव्हा म्हातारा गवंडी हयात नव्हता. पुतण्या मला गेल्या वर्षी भेटला. तो आता शहरात मॉलच्या फरश्या बसवतो, चौरस फुटाच्या दराने, आणि चुन्याच्या कामात मिळत असे त्याच्या दुप्पट कमावतो. काकाची थापी त्याने ठेवली आहे. चुन्याचे काम पुन्हा कधी निघणार, असे त्याने विचारले, आणि निघाले तर सलग किती महिने चालेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी चौकशी करून देऊ शकलो असतो. दुसऱ्याचे उत्तर त्या खात्यात कुणापाशीच नव्हते.