हात कामाला लागतात तेव्हा

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण. तिथले शेतकरी साहेबराव करपे यांचं सहा जणांचं कुटुंब १९ मार्च १९८६ रोजी आत्महत्येने संपलं. किसानपुत्र आंदोलनाचे अमर हबीब यांच्या हाकेवरून २०१७ पासून या तारखेला लोक दिवसभर अन्नत्याग करतात. करपेंना कधी पाहिलंही नाही, अशी माणसं त्यात असतात.

पण हे झालं वर्षातून एकदा. ज्या घरातला शेतकरी असा आत्महत्येने जातो, तिथल्या बाईला चूल मात्र रोज पेटवावी लागते. त्यात पंचनामा, तलाठ्याकडच्या चकरा, सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ याची चौकशी. आजारपणात माणूस गेला तर शेजारी कारण विचारून गप्प होतात. इथे कारणाचा शोध थांबतच नाही, आणि तिच्या डोक्यात तर तो रात्रीही चालू असतो.

अशा मनाला काम काय देतं? पऱ्हाटीच्या तासात वेचणी करणारी बाई पाहा. उकललेल्या बोंडाची वाळलेली टोकं बोटांना ओरबाडतात. कापूस अलगद ओढायचा, पाचोळा लागू द्यायचा नाही, कमरेच्या ओटीत टाकायचा, की पुढचं झाड. संध्याकाळी वजन होतं, किलोवर मजुरी मिळते. लक्ष बोटांकडे राहतं तेवढा वेळ ‘का केलं असेल?’ हा प्रश्न जरा मागे सरतो. घरी आल्यावर खुंटीवरचा त्याचा सदरा दिसतो आणि प्रश्न परततो. लोक म्हणतात, विसरली. नाहीतर म्हणतात, अजून सावरली नाही. दोन्ही चूक!

नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९मध्ये मांडलं, की शोक एका दिशेने सरकतच नाही. मन दुःखाकडे जातं, तिथून रोजच्या जगण्याकडे येतं, पुन्हा दुःखाकडे जातं. तासाच्या टोकाला बैल वळावा तसं. हे वळणंच निरोगी. एकाच टोकाला अडकणं त्रासाचं.

दुसरी गोष्ट तर उलटीच वाटते. आपण समजतो, उमेद आली की माणूस काम करेल. पण उदासीवरच्या एका उपचारात आधी छोटं, अर्थाचं काम ठरवतात आणि उमेदीला मागून येऊ देतात. गोव्यात ‘संगत’ संस्थेने हे प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून पाहिलं. समुपदेशन डॉक्टरांनी नाही, शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी केलं. सहा ते आठ भेटींत. गुण आला.

मात्र काम आणि राबणं यांत फरक आहे. कर्ज फेडायला दुसऱ्याच्या वावरात दिवसभर वाकणं म्हणजे उपचार, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. निवड स्वतःची हवी, सोबत हवी.

‘तेरवं’ नाटकात दोन्ही होतं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापे यांनी बसवलेलं हे नाटक शेतकऱ्यांच्या विधवांनीच उभं केलं. रोज तालीम, रोज तेच दुःख मोठ्याने, आणि समोर ऐकणारी माणसं! त्यांतल्या वैशाली येडे, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या अंगणवाडी मदतनीस, शिवणकामही करणाऱ्या. ११ जानेवारी २०१९ला यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं.

शेजारणीला करता येण्याजोगं साधंच आहे: ‘चाल, वेचायला सोबत जाऊ,’ म्हणणं, आणि वाटेत तिने गेलेल्याचं नाव काढलं तर विषय न बदलणं. रात्र फारच जड गेली, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. चोवीस तास, मराठीतही बोलतात.