हिमनगाची वाट पाण्याखालून

अंटार्क्टिकाच्या हिमनद्या किनारा ओलांडून समुद्रावर पसरल्या, की त्यांचा शेकडो मीटर जाडीचा पुढचा भाग तरंगू लागतो. हे आइस शेल्फ. मागून बर्फाचा रेटा चालूच असतो. पुढे भेगा रुंदावत जातात आणि कधीतरी एक तुकडा सुटून हिमनग होतो. मार्च २००० मध्ये रॉस आइस शेल्फपासून सुटलेल्या बी-१५ चे क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर होते. अख्खा नांदेड जिल्हा त्यावर मावला असता.

भारताचे अंटार्क्टिकावरचे पहिले संशोधन केंद्र ‘दक्षिण गंगोत्री’ अशाच तरंगत्या बर्फावर उभारले होते. ते हिमात गाडले जाऊ लागल्यावर पुढचे ‘मैत्री’ शहाणपणाने खडकावर बांधले गेले. तिसरे केंद्र ‘भारती’ प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे. त्याच उपसागरावरच्या अमेरी आइस शेल्फपासून २६ सप्टेंबर २०१९ रोजी १,६३६ चौरस किलोमीटरचा डी-२८ सुटला. गंमत अशी, की शास्त्रज्ञांचे लक्ष कित्येक वर्षे ‘हलता दात’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यावर होते. तो जागेवरच राहिला आणि शेजारचा निखळला.

सुटलेला हिमनग कुठे जाणार, हे मुख्यतः पाण्याखाली ठरते, कारण त्याचा जवळपास नऊ-दशांश भाग बुडालेला असतो. लहान तुकड्यांना वारा ढकलतो, अजस्र हिमनग प्रवाहाबरोबर जातात. किनाऱ्यालगतचा प्रवाह पश्चिमेकडे वाहतो. डी-२८ त्याच वाटेने निघाला. वेडेल समुद्रातून उत्तरेकडे वळलेले हिमनग बरेचदा साउथ जॉर्जिया बेटाकडे येतात. मात्र वाटेत तळ टेकला, की प्रवास थांबला. १९८६ मध्ये सुटलेला ए-२३ए तीस वर्षांहून अधिक काळ समुद्रतळावर रुतून होता. २०२० मध्ये तो हलला. २०२४ मध्ये एका बुडालेल्या डोंगरावरच्या भोवऱ्यात सापडून कित्येक महिने जागच्या जागी फिरत राहिला. मार्च २०२५ मध्ये साउथ जॉर्जियाजवळ तो पुन्हा अडकला आणि पुढच्या काही महिन्यांत त्याचे तुकडे पडले.

उबदार पाण्यात हिमनग नुसता वितळत नाही, मोडतोही. लाटा पाण्याच्या रेषेवर खाच कोरतात आणि वरचा लोंबता कडा कोसळतो. खाली उरलेली बर्फाची पायरी मात्र तरंगण्यासाठी वर रेटा देते. त्याने हिमनगाची कड वाकते आणि तडकते. पृष्ठभागावर साचलेले पाणी भेगांत उतरून त्या आणखी फाडते. दूरच्या वादळाची लाटही पुरते: ऑक्टोबर २००५ मध्ये बी-१५ चाच तुकडा असलेला बी-१५ए फुटला, त्याच्या सहा दिवस आधी उठलेले वादळ अलास्काच्या आखातातले होते. ए-६८ या हिमनगाची गोष्ट आणखी वेगळी. डिसेंबर २०२० मध्ये त्याचे एक टोक वेगवान प्रवाहात शिरले, उरलेला भाग संथ पाण्यात राहिला आणि या ओढाताणीत टोक मोडले.

तुकडे झाले, की पाण्याला भिडणाऱ्या बाजू वाढतात आणि वितळणे झपाट्याने होते. ए-६८ ने साउथ जॉर्जियाभोवती तीन महिन्यांत सुमारे १५२ अब्ज टन गोडे पाणी सोडले.