विषयबद्ध कूट शब्दकोडे आणि भाषेची अतिरिक्तता

संदेशाचा जो अंश उरलेल्या अंशावरून ओळखता येतो, त्यास भाषेची अतिरिक्तता म्हणतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तिचा शब्दकोड्यांशी असलेला संबंध जाता जाता सांगितला आहे. भाषेत अतिरिक्तता मुळीच नसती, तर वर्णांची कोणतीही मांडणी शब्दकोडे ठरली असती. ती फार असती, तर आडवे व उभे शब्द एकमेकांत बसलेच नसते. सोडविणाराही याच आधारावर चालतो. विषयबद्ध कूट कोड्यात मात्र रचनाकार हा आधार बुद्ध्या काढून घेतो आणि अन्यत्र लपवितो.

कूट सूचकवाक्याचे साधारणतः दोन भाग असतात: एक शब्दाचा अर्थ सांगतो, दुसरा त्याची घडण. ‘मोडलेले कलम, तळ्यात उमलणारे (३)’ या वाक्यात ‘मोडलेले’ हा शब्द ‘कलम’मधील अक्षरांची उलथापालथ सुचवितो, उत्तर ‘कमल’. वाक्याचा दर्शनी अर्थ सर्वस्वी दुर्लक्षावयाचा असतो. इंग्रजी कोडेकार ‘फ्लॉवर’ हा शब्द नदीसाठी वापरतात, कारण ‘फ्लो’ला कर्तृवाचक प्रत्यय लावला की ‘वाहणारी’ असा अर्थ निघतो. आपल्याकडील सभंग श्लेषाचीच ही जात होय. (या कलेचे एक प्रवर्तक ‘टॉर्क्विमाडा’ म्हणजे एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे इंग्रजी रूपांतर केले होते, हा योगायोग लक्षणीय आहे.)

‘द लिसनर’ या ब्रिटिश साप्ताहिकात २ एप्रिल १९३० पासून आलेली कोडी याच्याही पुढे जातात. साप्ताहिक १९९१ मध्ये बंद पडले; कोडे आता ‘द टाइम्स’मध्ये येते. त्यातील एक रूढ युक्ती अशी की प्रत्येक वाक्याच्या अर्थभागात एक वर्ण मुद्दाम चुकीचा छापावयाचा. वरील वाक्यात ‘तळ्यात’ऐवजी ‘मळ्यात’ छापले, तर वाक्य अधिकच स्वाभाविक वाटते आणि वाचक फसतो. दुरुस्तीचा ‘त’ टिपून ठेवावा. असे वर्ण क्रमाने जुळवले की एक संदेश तयार होतो व तोच विषय उघड करतो.

म्हणून येथे अर्थापेक्षा घडणीवर आधी विश्वास ठेवावा. संदेश अर्धवट वाचता आला की त्याची अतिरिक्तता कामास येते: गाळलेले वर्ण तर्काने भरता येतात व न सुटलेल्या वाक्यांत चूक कोणत्या वर्णाची आहे, हे उलट दिशेने कळते. धोका आहे तोही येथेच. चार वर्णांवरून विषय ठरविणारा पुढचे प्रत्येक वाक्य त्या विषयाकडे वाकवू लागतो, आणि ते वाकतेही. खऱ्या विषयाने प्रत्येक विसंगतीचा हिशेब दिला पाहिजे. एकही चौकट चुकली, तर ‘लिसनर’मध्ये संपूर्ण उत्तर चूक धरले जाते.

मराठीत ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. रोमन कोड्याच्या चौकटीत वर्ण बसतो, मराठी कोड्याच्या चौकटीत मात्रेसह अखंड अक्षर. त्यामुळे ‘कमल’चे ‘कलम’ होते. परंतु ‘नवरा’ आणि ‘वानर’ यांत ध्वनी तेच असूनही चौकटी जुळत नाहीत. शिवाय रोमन वर्ण २६, तर मराठी अक्षरे शेकड्यांनी. एक चौकट भरली की ती पुष्कळ सांगून जाते, पण शब्दांचे छेद जुळविणे तितकेच अवघड होते. मराठी रचनाकाराने काना-मात्रा चौकटीबाहेर ठेवून केवळ व्यंजने जुळवावीत काय, हे प्रत्यक्ष रचून पाहण्यासारखे आहे.