बरगडींतील कळ

जालना जिल्ह्यांतील बदनापूर हें गांव तुरीच्या वाणांसाठीं शेतकऱ्यांत प्रसिद्ध आहे. येथील कृषि संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा वाण मराठवाड्यांत सुपरिचित आहे. पावसाळा सरला कीं या शिवारांत कापसाची वेचणी सुरू होते आणि तिच्यामागून तुरीचें खळें येतें. या दिवसांत घरोघर एक तक्रार ऐकूं येते: बरगडींत चमक मारते. दिवसभर वांकून वेचणी करणारी बाई आणि खांद्यावर पोतें घेतांना अंग मुरगळलेला गडी, दोघांच्याहि तोंडीं हेंच वाक्य असतें. घरच्यांचें उत्तरहि ठरलेलें असतें: उसण भरली, तेल चोळा, शेक द्या. शहरांतील सुशिक्षित घरांत उसणीची जागा ‘गॅस’नें घेतली आहे, एवढाच काय तो फरक! हें उत्तर पुष्कळदां बरोबर ठरतें. परंतु जेव्हां तें चुकतें, तेव्हां कधीं कधीं जिवावर बेततें.

मनुष्याच्या छातींत बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. मागें त्या सर्व पाठीच्या कण्याला जोडलेल्या असतात. पुढें मात्र वरच्या ७ जोड्या कूर्चेच्या द्वारें उरोस्थीला थेट मिळतात, त्यांखालच्या ३ जोड्या आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेतात, आणि शेवटच्या २ जोड्या पुढून मोकळ्याच राहतात. हा पिंजरा भात्यासारखा सतत हलत असतो. मिनिटास १५ श्वास धरले तरी दिवसाकाठीं २१,६०० वेळां तो फुगतो व मिटतो. मोडलेला हात झोळींत घालून त्यास विश्रांति देतां येते. बरगडीला ती सोय नाहीं. म्हणूनच येथील साधी दुखापतहि आठवडेच्या आठवडे ठसठसत राहते.

दोन बरगड्यांमधील स्नायु ताणला गेला, तर कूस बदलतांना, शिंकतांना, हात वर करतांना कळ येते आणि दुखरी जागा बोटानें दाखवितां येते. उरोस्थीच्या कडेच्या कूर्चांना दाह झाला तरी असेंच होतें, मात्र छातीच्या पुढच्या भागीं. तरुण माणसें यानें विशेष घाबरतात. विकार मात्र बहुधा आपोआप शमतो. त्याच जागीं डोळ्यांना दिसेल अशी सूज असेल, तर त्या विकारास टीट्झे या जर्मन शस्त्रवैद्याचें नांव आहे. त्यानें १९२१ सालीं त्याचें वर्णन केलें.

बैलानें मारलें, ट्रॅक्टरवरून पडलें, तर बरगडी मोडते. वृद्धांची हाडें ठिसूळ झालेलीं असलीं तर नुसत्या जोराच्या खोकल्यानेंहि ती तडकते. पूर्वीं अशा रुग्णाची छाती पट्ट्यांनीं घट्ट आवळून टाकीत. ही रीत आतां सोडून दिली आहे, आणि ती सुटली हें फार बरें झालें. आवळलेल्या छातीनें श्वास उथळ होतो, कफ सांचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. वेदनाशामक औषध देऊन रुग्णास मुद्दाम खोल श्वास घ्यावयास लावणें हाच हल्लींचा उपचार होय. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांआड प्लीहा, उजव्या बाजूस यकृत असतें. तेथें मार बसल्यावर तोंड पांढरें पडूं लागलें किंवा चक्कर येऊं लागली, तर आंत रक्तस्राव होत आहे असें समजून रुग्णालय गांठावें.

फसवणूक होते ती फुफ्फुसावरणाच्या दुखण्यांत. फुफ्फुसाला स्वतःला वेदना कळत नाहीं. त्याच्यावर दुपदरी आवरण असतें आणि त्याच्या बाहेरच्या पदराला ती तीव्रतेनें कळते. आवरणाला दाह झाला कीं दोन्ही पदर एकमेकांवर घांसतात आणि दर खोल श्वासाबरोबर सुरी खुपसल्यासारखी कळ येते. न्यूमोनियांत असें होतें. पायाच्या शिरेंतील रक्ताची गांठ सुटून फुफ्फुसांत अडकली तरी होतें. आपल्या देशांत या दाहाचें एक प्रमुख कारण क्षय हें आहे. त्यांत दोन पदरांच्या मध्यें पाणी सांचूं लागतें, पदर परस्परांपासून दूर होतात, घांसणें थांबतें आणि कळ कमी होते! घरचीं माणसें तेलाला यश देतात. पण त्याच वेळीं पाणी फुफ्फुसाला दाबीत असतें. संध्याकाळीं कणकण, खोकला, जेवणावरची वासना उडणें, जिना चढतांना धाप, हीं लक्षणें हळूहळू दिसूं लागतात. छातीवर बोटांनीं ठोकून आंतील पाणी ओळखण्याची युक्ति व्हिएन्नाच्या औएनब्रुगर या वैद्यानें १७६१ सालीं प्रसिद्ध केली. डॉक्टर आजहि ती वापरतात. आतां तिच्या जोडीला क्ष-किरण व सोनोग्राफी आहे. कॉखनें क्षयाचा जंतु १८८२ सालीं दाखविला, तेव्हां त्यावर औषध नव्हतें. आज सरकारी रुग्णालयांत त्याचा उपचार विनामूल्य मिळतो आणि साध्या क्षयास बहुधा ६ महिने पुरतात. मात्र औषध मध्येंच सोडतां कामा नये.

पित्ताशयांतील खडा उजव्या बरगडीखालीं दुखतो, मूतखडा पाठीकडून कुशींत उतरतो. इतकें सांगून त्यांना येथें सोडणें बरें.

हृदयाची गोष्ट निराळी. ती कळ सुरीसारखी क्वचितच असते; दाब पडल्यासारखें, आवळल्यासारखें वाटतें, घाम फुटतो, वेदना जबड्याकडे किंवा हातांत जाते आणि कूस बदलल्यानें तींत फरक पडत नाहीं. मधुमेही माणसांत व स्त्रियांत तर ही वेदना पुसटच असूं शकते. छाती दाबल्यावर दुखते, तेव्हां हृदय निर्दोषच आहे, असा निवाडा घरीं करूं नये. अशा वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदयाचा आलेख काढावयास कांहीं मिनिटें पुरतात.

राहिली नागीण. बरगडीच्या रेषेंत एकाच बाजूला आग होते, कपड्याचा स्पर्शहि सोसत नाहीं, आणि त्वचेवर कांहींच दिसत नाहीं. दोन-चार दिवसांनीं पुरळाचा पट्टा उमटतो आणि मग उलगडा होतो. लहानपणीं येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणु मज्जातंतूच्या मुळाशीं वर्षानुवर्षें निजलेला असतो, तो उतारवयांत जागा होतो. नागिणीचीं दोन्ही तोंडें मिळालीं कीं माणूस दगावतो, ही समजूत मराठी मुलुखांत सर्वत्र आहे. तिला आधार नाहीं, कारण पुरळ सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडीतच नाहीं. खरें नुकसान दुसऱ्याच वाटेनें होतें. विषाणूवरील गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आंत सुरू केल्या तर त्यांचा गुण चांगला येतो, आणि नेमके तेच तीन दिवस गेरूचे लेप देण्यांत व उतारा करण्यांत जातात. पुरळ मावळल्यावर कित्येक वृद्धांना त्या जागेची आग पुढें महिनोन्‌महिने छळते. पन्नाशीनंतर घ्यावयाची या रोगाची लस २०२३ सालापासून भारतांत मिळूं लागली आहे. ती दोन वेळां टोंचावी लागते.