स्टेजवरचा कीबोर्ड: कंपनीच्या नावावर किती विसंबायचं?

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात बासरी, व्हायोलिन, अकॉर्डियन अशा अनेक वाद्यांचा भार एकट्या कीबोर्डवर असतो. तो अडला की गाणंच अडतं. त्यामुळे विकत घेताना ‘कंपनी कोणती?’ हे विचारायलाच हवं. पण तेवढ्यावर थांबलं की फसगत होते.

गैरसमज १: नावाजलेल्या कंपनीचं प्रत्येक मॉडेल भक्कमच असतं.
वस्तुस्थिती: रोलंड ही स्टेजवरची मानाची कंपनी. तरी तिच्या १९९१च्या जेडी-८०० या मॉडेलमध्ये पट्ट्यांखालची वजनं चिकटवणारा लाल गोंद काही वर्षांनी वितळून ओघळू लागला आणि पट्ट्या अडकू लागल्या. आवाजासाठी वाखाणलेल्या वाद्याची ही गत झाली. म्हणून नेमकं तेच मॉडेल काही वर्षं स्टेजवर वाजवलेल्या वादकाला गाठा.

गैरसमज २: जपानी कंपनीचा कीबोर्ड जपानमध्येच बनलेला हवा.
वस्तुस्थिती: यामाहाचे कीबोर्ड इंडोनेशिया, चीन आणि आपल्या चेन्नईतही बनतात. देशाच्या नावापेक्षा अधिकृत बिल आणि जवळचं सर्व्हिस सेंटर जास्त उपयोगी पडतं. बिलाशिवाय स्वस्तात मिळालेल्या आयात मालाला इथली वॉरंटी बहुधा लागू होत नाही.

गैरसमज ३: एखादा स्वर अचानक मोठ्याने वाजला किंवा वाजलाच नाही, म्हणजे मशीन गेलं.
वस्तुस्थिती: बहुतेक वेळा दोष पट्टीखालच्या रबराचा असतो. टच असलेल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली सहसा दोन कॉन्टॅक्ट असतात. पहिला आणि दुसरा जुळण्यात किती वेळ गेला, त्यावरून पट्टी किती जोरात दाबली हे ठरतं. धूळ, घाम किंवा कोकणातल्या दमट हवेने कॉन्टॅक्ट खराब झाले की हे गणित चुकतं. जाणकाराने सफाई केली किंवा रबर बदललं की वाद्य पुन्हा नीट वाजतं. त्या मॉडेलचं रबर सहज मिळतं का, हे खरेदीआधीच विचारून ठेवा.

गैरसमज ४: पिन बसली की कुठलाही अडॅप्टर चालतो.
वस्तुस्थिती: कॅसिओच्या अनेक जुन्या कीबोर्डना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. यामाहाच्या अनेक मॉडेलना १२ व्होल्ट लागतात आणि मध्यभागी धन टोक असतं. अदलाबदल झाली तर सर्किट जळू शकतं. व्होल्ट, अँपिअर आणि टोकं तपासून त्याच मापाचा दुसरा अडॅप्टर बॅगेत ठेवा.

गैरसमज ५: वॉरंटी आहे, म्हणजे कार्यक्रमाची काळजी नाही.
वस्तुस्थिती: वॉरंटीमुळे दुरुस्ती होते, पण ती कार्यक्रम संपल्यावर. २०११ साली आलेला कॉर्ग क्रोनॉस हा उंची कीबोर्ड सुरू व्हायला दोन मिनिटांहून जास्त वेळ घ्यायचा. जनरेटर क्षणभर दचकला, तर तेवढा वेळ वादक हात बांधून बसणार. छोटा यूपीएस हे संकट टाळतो. काही जुन्या मॉडेलमध्ये आतली बटण-बॅटरी संपली की साठवलेले टोन पुसले जातात. ती वेळेवर बदला आणि टोनची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवा.

चांगली कंपनी निवडा, कारण सुटे भाग आणि सेवा मिळण्याची शक्यता तिथेच जास्त. पण दुकानात प्रत्येक पट्टी हलकी आणि जोरात वाजवून बघा, जॅक हलवून खरखर येते का ते ऐका. एवढी तपासणी करूनच पैसे मोजा.