दहा श्वासांचा एक मणी

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, मेळघाटाला खेटून असलेल्या खकनार तहसिलीतल्या एखाद्या कोरकू गावात दवाखान्यात बाळ जन्मलं, की तिसऱ्या दिवशी आशाताई, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्त्या, दारात हजर होतात. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसापासून. बाळाचा ताप बघतात, झोळीच्या काट्यावर वजन करतात आणि घड्याळ हातात घेऊन पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाकडे टक लावून बसतात. श्वास मोजतात!

हे सगळं ठरलं कुठे? दिल्लीतल्या कचेरीत? नाही. ते ठरलं गडचिरोलीत, आणि त्याच्या मुळाशी आहे एक पदव्युत्तर अभ्यासक्रम.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग नागपुरात एम.डी. झाले होते. रोगी तपासण्याची विद्या हाताशी होती. तरी ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी, एम.पी.एच., घेऊन परतले. एवढं शिकलेल्यांना आणखी काय शिकायचं होतं? मोजायला! ऐकायला साधं वाटतं, पण डॉक्टरला दिसतो तो दवाखान्यात आलेला रोगी. जो आलाच नाही, घरीच दगावला, त्याची नोंद कुणाकडे? आरोग्य संशोधन शिकणारा पहिला प्रश्न विचारतो तो हाच: एकूण किती? गावात जन्मलेलं प्रत्येक मूल आणि झालेला प्रत्येक मृत्यू वहीत आला, तरच रोगाचं खरं माप कळतं.

१९८६ पासून ते गडचिरोलीत काम करू लागले आणि त्यांनी ही वही उघडली. मुलं कशाने दगावत होती? एक मोठं कारण निघालं न्यूमोनिया, म्हणजे आयाबाया ज्याला डब्बा म्हणतात तो. आता गावात ना एक्स-रे, ना स्टेथोस्कोप. मग ओळखायचा कसा? इथे शरीरच मदतीला येतं. न्यूमोनियात फुप्फुस भिजलेल्या कापसासारखं जड होतं, पुरतं फुलत नाही. एका श्वासात हवा पुरेना, म्हणून बाळ भराभर, उथळ श्वास घेऊ लागतं. हा वेग नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त श्वास झाले, की सावध व्हायचं.

पण गावातल्या कितीतरी सुइणींना बारापुढे मोजताच येत नव्हतं. साठ कसे मोजणार?

यावर निघालेला तोडगा पाहिला की मी आजही थक्क होतो. एक लाकडी पाटी. तिच्यावर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, एक मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. औषध सुरू! अंक लिहिता न येणारी बाई निदान करू लागली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: गावातच निदान आणि उपचार झालेल्या गावांत न्यूमोनियाच्या शंभर रुग्णांमागे एकही मृत्यू पुरता भरत नव्हता, प्रमाण ०.८ टक्के. तुलनेच्या गावांत १३.५.

तुलनेची गावं कशाला, असं वाटेल. कारण पाऊस बरा झाला, रस्ता आला, पैसा आला, तरी मृत्यू घटू शकतात. शेजारची तशीच गावं बाजूला ठेवून मोजलं, तरच श्रेय नेमकं कुणाचं ते कळतं.

पुढची पायरी नवजात बाळांची. १९९५ पासून ३९ गावांत, थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायका घरोघरी जाऊ लागल्या. बाळ गार पडलंय का, दूध ओढतंय का, रडणं क्षीण झालंय का, हे बघायला शिकल्या आणि जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शन द्यायलाही. हजार जन्मांमागे ६२ नवजात दगावत. तीन वर्षांत आकडा २५.५ वर आला! तुलनेच्या ४७ गावांत अशी घट दिसली नाही. हेही १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि २०११ मध्ये ही घरपोच देखभाल देशभरातल्या आशांच्या कामात सामील झाली. खकनारच्या आशाताईंचं घड्याळ आलं ते असं.

ही विद्या आता परदेशीच मिळते असं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९७ पासून एम.पी.एच. शिकवतात, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही. त्यासाठी डॉक्टरच असायला हवं असं नाही. आणि मोजण्यासारखं आपल्या आसपासच आहे. कापसाची धूळ फुप्फुसाला इजा करते, हे जगाला ठाऊक आहे. पण बुऱ्हाणपूरच्या तुमच्या गल्लीत, यंत्रमागावर आयुष्य काढलेल्यांपैकी किती जणांना धाप लागते? बी.एस्सी. किंवा समाजशास्त्र करून पुढे काय, या विचारात असाल, तर या अभ्यासक्रमाची माहिती काढा आणि मोजायला या.