भाद्रपदातले दुसरे पाहुणे

पक्षी बघायला कधी जावे, असे कुणालाही विचारा. उत्तर येते डिसेंबर-जानेवारी. थंडी पडली, नाताळची सुट्टी लागली, की कपाटातली दुर्बीण बाहेर निघते. रोहित पक्ष्यांचे थवे बघायचे असतील तर हे ठीकच आहे. पण कोकणच्या किनाऱ्यावर पाहुणे यायला सुरुवात होते ती त्याच्या कितीतरी आधी. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, घरोघर गणपतीची तयारी सुरू होते, त्याच सुमारास लडाख, तिबेट आणि सैबेरियाहून निघालेले पक्षी पुळणीवर आणि खाडीच्या चिखलात उतरू लागतात. आपल्या डोक्यावर अजून छत्री असते, म्हणून ते लक्षात येत नाहीत, इतकेच.

तुम्ही म्हणाल, ऑगस्टमध्ये तिकडे कुठली आली थंडी? मग एवढी घाई का? याचे उत्तर तिकडच्या उन्हाळ्यात आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. बर्फ वितळते, किड्यांचा सुकाळ होतो, तेवढ्या अवधीत अंडी घालायची आणि पिल्ले मोठी करायची. काम उरकले की तिथे थांबण्यात अर्थ नसतो. बाकदार चोचीच्या तुतारीचे उदाहरण घ्या. हा चिमणीहून थोडा मोठा पक्षी सैबेरियाच्या अगदी उत्तरेला वीण करतो. नर अंडी उबवायला थांबतच नाहीत, ते जुलैच्या सुरुवातीलाच दक्षिणेची वाट धरतात. पिल्ले थोडी सावरली की माद्या निघतात. पिल्ले निघतात ती सर्वांत शेवटी.

यातली आश्चर्याची गोष्ट अशी, की त्या पिल्लांना वाट दाखवायला आईबाप नसतात. कुठल्या दिशेला उडायचे हे ज्ञान ती जन्मतःच घेऊन येतात. दिवसा सूर्य, रात्री तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधाराने दिशा राखली जाते, असे शास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवले आहे. सप्टेंबरात ठाण्याच्या खाडीवर उतरलेली छोटी तुतारी अवघ्या तीन महिन्यांची असते आणि हजारो किलोमीटरचा तो तिचा पहिलाच प्रवास असतो.

या प्रवासाची शिदोरी म्हणजे चरबी. निघण्यापूर्वी हे पक्षी इतके खातात, की काहींचे वजन जवळजवळ दुप्पट होते. लांब उड्डाण करणाऱ्या काही जातींत तर जठर आणि आतडी निघण्याआधी आकसतात. वाटेत खायचे नाही, मग ते ओझे कशाला? पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा हा त्यातला मोठा मल्ल. २०२२ साली या जातीचे एक पिल्लू अलास्काहून निघाले आणि अकरा दिवस कुठेही न टेकता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचले. त्याच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले छोटे यंत्र होते, म्हणून हे कळले. पूर्वी अशी माहिती फक्त पायात अडकवलेल्या कड्यांवरून मिळे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून हे कड्या घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. आपल्याकडचे पक्षी नेमके कुठून येतात, याचा बराचसा उलगडा त्यातून झाला.

आता बघणाऱ्याच्या दृष्टीने हे दिवस मोलाचे का, ते सांगतो. डिसेंबरमध्ये किनाऱ्यावरचे हे सगळे पक्षी करड्या-मातकट रंगाचे दिसतात आणि नवखा माणूस कंटाळतो. पण ऑगस्ट-सप्टेंबरात आलेल्या प्रौढ पक्ष्यांच्या अंगावर विणीच्या काळातला वेश अजून शिल्लक असतो. तिबेटकडून येणाऱ्या चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा आणि डोळ्यांवर काळी पट्टी असते. बाकदार चोचीच्या तुतारीचे पोट विटकरी असते. हे रंग दर आठवड्याला फिके होत जातात. उशिरा आलेली पिल्लेही ओळखता येतात. त्यांची पिसे कोरी करकरीत आणि प्रत्येक पिसाला फिकट किनार असते.

नावे पाठ करण्याआधी चोच आणि चाल बघा. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो चार पावले धावतो, थबकतो, भक्ष्य दिसले की टिपतो. तुतारी आणि टिलवे शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खुपसत राहतात. त्यांना भक्ष्य दिसावे लागत नाही, चोचीच्या टोकालाच स्पर्शाची तीव्र जाणीव असते. कोरलची चोच विळ्यासारखी वाकडी आणि वीतभर असली पाहिजे असे वाटण्याइतकी लांब. ती खोल बिळातल्या कुर्लीपर्यंत पोचते. एकाच चिखलात पाच-सहा जाती शेजारी शेजारी चरतात, पण प्रत्येकीचे ताट वेगळ्या खोलीवर वाढलेले असते. म्हणून फारशी भांडणे नाहीत.

कधी जायचे हे मात्र घड्याळापेक्षा पंचांग चांगले सांगते. आपल्या कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. थोडे इकडे तिकडे होते, आणि खाडीत जितके आत जावे तितके पाणी उशिरा चढते. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर पांगलेले असतात. भरतीच्या आधीचे दोन तास उत्तम, कारण चढते पाणी त्यांना आपसूक आपल्याकडे ढकलत आणते. द्वादशी ते चतुर्दशी भरती सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येते. त्या दिवशी अलिबागजवळच्या आक्षीसारख्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर सकाळी सात-साडेसातला पोचलात, तर सूर्य पाठीशी आणि पक्षी समोर असा योग साधतो. शिवडीचा किनारा पूर्वेकडे बघतो. तिथे दुपारची भरती गाठावी.

आता भरती पूर्ण झाली, चिखल पाण्याखाली गेला. मग हे हजारो पक्षी जातात कुठे? हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ते जवळची मिठागरे, खाजणे, उथळ तळी किंवा किनाऱ्याचा एखादा निवांत तुकडा गाठतात आणि पाणी उतरेपर्यंत एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात. म्हणजे त्यांना दोन जागा लागतात : जेवणघर आणि विश्रांतीची ओसरी. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून नोंदलेले, भरतीचे पाणी येणारे शेजारचे एखादे खाजण भराव टाकून बुजवले, की राखलेल्या चिखलाचाही उपयोग उरत नाही. किनाऱ्यावर धावणाऱ्या गाड्या आणि मोकाट कुत्री तेच करतात. विश्रांती घेणारा थवा पुन्हा पुन्हा उठवला, की कष्टाने जमवलेली चरबी फुकट जळते.

ही भीती पोकळ नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जगातल्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत किनाऱ्यावरच्या सोळा स्थलांतरित जातींचा धोका वाढल्याचे नोंदवले गेले. आपली बाकदार चोचीची तुतारी त्यांपैकीच एक. आणि २०२५ साली कोरलची एक भाऊबंद, सडपातळ चोचीचा कोरल, नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तो शेवटचा खात्रीने दिसला होता १९९५ मध्ये, मोरोक्कोच्या किनाऱ्यावर. शिकार झाली, अधिवास गेले, आणि लोकांच्या ध्यानात आले तेव्हा फार उशीर झाला होता.

तो उशीर आपल्याकडे होऊ नये म्हणून सामान्य माणसाला करता येण्याजोगे काम आहे. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा होता. त्या नोंदींत भर घाला. किती पक्षी दिसले एवढेच नव्हे, तर भरतीच्या वेळी ते कुठे जाऊन बसले, हेही तारखेसह लिहून ठेवा. थव्यापासून दूर उभे राहा; पक्ष्यांनी माना वर केल्या, की तिथेच थांबा. एखादे खाजण बुजवण्याचा विषय गावात निघेल, तेव्हा अशी चार वर्षांची वही तिथे पुढे ठेवता येईल. पडीक म्हटलेल्या त्या जमिनीवर दर भाद्रपदात कोण उतरते, हे मग कुणाला नाकारता येणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)